तीनशे पस्तीस आणि जावा आठ

मृगाच्या तोंडावर वाशिमच्या कृषी केंद्रात गर्दी असते. दुकानदार सोयाबीनच्या फुले संगम, एमएयूएस ६१२, पीडीकेव्ही अंबा या वाणांचे गुण सांगत असतो. समोरचे काका सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "थे समदं ठीक हाय, पण तीनशे पस्तीस हाय काय भाऊ?" जेएस ३३५ हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं वाण १९९४चं, वाशिम जिल्हा झाला १९९८ला. म्हणजे वाण जिल्ह्याहून वडील.

जावा भाषेतली मुक्तस्रोत लायब्ररी सांभाळणाऱ्याला हे काका बारा महिने भेटतात. त्यांच्या सर्व्हरवर जावा ८ असते, २०१४ची, आणि ती उत्तम चालते. जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण बहुतेकींच्या दुरुस्त्या पुढची आली की थांबतात. वर्षानुवर्षं सांभाळ होतो तो एलटीएस म्हणवणाऱ्या मोजक्यांचा: ८, ११, १७, २१ आणि २०२५ला आलेली २५.

स्वतःचा प्रोग्राम कशावरही चालवा, कोण विचारतो? लायब्ररी मात्र दुसऱ्याच्या रानात पेरली जाते. ८साठी कंपाइल केलेली फाइल २१वर सहसा निमूट चालते. १७साठी केलेली ८वर उघडतच नाही. म्हणून भला माणूस जुन्यालाच धरून राहतो आणि नव्या जावातल्या एका ओळीच्या 'रेकॉर्ड'ऐवजी पानभर कोड हाताने लिहीत बसतो. (भलेपणाची किंमत अशी ओळींत मोजता येते.) शेवटी नोव्हेंबर २०२२मध्ये स्प्रिंग बूट ३ या बड्या फ्रेमवर्कने ११ला न विचारता थेट १७ची अट घातली, आणि छोट्या लायब्ररीवाल्यांना बोट दाखवायला कुणीतरी मोठं मिळालं.

काकांची एक गोष्ट मात्र वेगळी. ३३५वर पिवळा मोझॅक आला की पानं पिवळी पडलेली त्यांना बांधावरून दिसतात. दुरुस्त्या थांबलेल्या आवृत्तीतलं सुरक्षेचं भोक कुठल्याच बांधावरून दिसत नाही. सर्व्हर हिरवागारच असतो.

तेव्हा नवी लायब्ररी लिहिणाऱ्यांना सांगणं एवढंच: किमान १७ धरा, २१ आणि २५वर तपासून पाहा, आणि १७ कधी सोडणार ती तारीख आजच रीडमीत लिहून टाका. ८वाल्यांसाठी जुनी शाखा ठेवलीच, तर तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या द्या. नव्या सोयी हव्या असतील त्यांनी आवृत्ती बदलावी.