राजकीय वर्तुळ

भोरच्या एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात, मोरीशेजारच्या टेबलावर दर शनिवारी सकाळी राजकीय वर्तुळ भरतं. वर्तुळात माणसं चार. तिघे पुण्याच्या दैनिकांचे वार्ताहर. चौथा मोबाइलवर चॅनेल चालवतो, म्हणजे एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात वाढदिवसाच्या जाहिरातींचं पावतीपुस्तक. यांतल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांना सगळा तालुका 'प्रतिनिधी' म्हणतो. त्यांची बायकोसुद्धा. लोकप्रतिनिधी पडतात, पक्ष बदलतात. आमचे प्रतिनिधी आहेत तिथेच आहेत, आणि मानधनही साधारण तेवढंच आहे.

पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक चालतं. मोटारसायकलवर 'प्रेस' हा शब्द एवढा ठळक, की पोलिसाला नंबर शोधावा लागतो. बातमीचं पाकीट कंडक्टरच्या हाती देऊन पुण्याला पाठवायच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. १९९९ साली अनंतराव थोपटे विधानसभेला पडले, तेव्हा अख्खा तालुका थक्क झाला होता. मुख्यमंत्रिपदासाठी ज्याचं नाव घेतलं जात होतं, तो माणूस घरच्या मैदानात काशिनाथ खुटवडांकडून हरला. प्रतिनिधी थक्क झाले नाहीत. "मी आधीच लिहिलं होतं," असं ते आजही सांगतात. काय लिहिलं होतं? 'थोपटे यांचे पारडे जड असले तरी धक्कादायक निकालाची शक्यता नाकारता येत नाही.' तेव्हापासून त्यांनी कुठलीच शक्यता नाकारलेली नाही. त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकलेला नाही.

बातमी तयार होते ती अशी. एक जण म्हणतो, "परवाच्या लग्नात साहेब अक्षता पडायच्या आधीच निघाले." दुसरा म्हणतो, "बसायला सोफा नव्हता." तिसरा नुसताच 'हं' करतो. रविवारी छापून येतं : 'राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण.' मग तेच चौघं त्याच टेबलावर तो अंक उघडतात आणि हॉटेलवाल्याला म्हणतात, "बघा, केवढी चर्चा चाललीय!"

प्रतिनिधींचा स्वतःचा असा एक सिद्धांत आहे. राजकारण भाषणात शोधू नये. पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला कोण आलं ते बघावं. मार्च २०२४ मध्ये शरद पवार अनंतरावांच्या घरी गेले, इतक्या वर्षांचं वैर बाजूला ठेवून. तेव्हा राज्यभरातले पत्रकार 'काय बोलणं झालं' ते विचारत होते. आमचे प्रतिनिधी विचारत होते, "चहा झाला की जेवण?" हसू नका, निकाल बघा. त्या जूनमध्ये लोकसभेला पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, आणि नोव्हेंबरात विधानसभेला अनंतरावांचे चिरंजीव संग्राम थोपटे २० हजारांच्या आसपास मतांनी शंकर मांडेकरांकडून पडले. तीन वेळचा आमदार पडला, आणि पाडणारा ऐन निवडणुकीच्या तोंडावर ठाकऱ्यांच्या शिवसेनेतून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आलेला. पुढे २२ एप्रिल २०२५ ला संग्रामही भाजपमध्ये गेले. त्या शनिवारी चहाचे किती कट उतरले याचा हिशेब हॉटेलवाल्याने ठेवला असेल. पैसे मिळाले नसणार.

पुढच्याच आठवड्यात कॅनडाचा निकाल लागला. हॉटेलवाल्याचा भाचा तिकडे ब्रॅम्प्टनला शिकायला असतो. मामाने फोन स्पीकरवर टाकला.

"मार्क कार्नी आले. पण बहुमताला तीन-चार जागा कमी."

"अपक्ष किती आले?" प्रतिनिधींनी पेन काढलं.

"एकही नाही."

टेबलावर शांतता. चॅनेलवाल्याने हळहळून विचारलं, "मग सरकार बनवतात कशानं?"

भाच्याने पुढची बातमी दिली. विरोधी पक्षनेते पियेर पॉलिएव्ह स्वतःच पडले, २० वर्षांच्या हक्काच्या जागेवर. प्रतिनिधींनी मान डोलावली. कुठल्या पक्षात चालले, एवढंच विचारलं. कुठल्याच नाही म्हणताच त्यांचा चेहरा पडला. उलट त्यांच्याच पक्षाचा, अल्बर्टा प्रांतातून नुकताच निवडून आलेला खासदार नेत्यासाठी आपली जागा सोडतोय.

"स्वतःहून?"

"हो."

"महामंडळ दिलं असणार," वेल्ह्याचे वार्ताहर म्हणाले.

"पॉलिएव्ह पडले त्या मतदारसंघात एक्क्याण्णव उमेदवार होते, मामा. मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब!"

"आमच्याकडं चिन्हांत तुतारी आणि पिपाणी दोनच होत्या, तरी लोकांना सापडंना," मामा म्हणाला.

मग भाचा चुकून बोलून गेला, की तिकडे पक्ष बदलला तरी खासदारकी जात नाही. पक्षांतरबंदीचा कायदाच नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कायदा असून इथे हे चाललंय. आणि तिकडे कायदा नाही, तरी एवढ्या बर्फात माणसं एकाच पक्षात काय करत बसतात? प्रतिनिधींना कॅनडाविषयी पहिल्यांदाच कीव वाटली.

गंमत म्हणजे या चौघांना काय ठाऊक नसतं? भाटघरच्या पाण्याला लागून असलेल्या गावात उन्हाळ्यात टँकर कुणाचा फिरतो, वरंध घाटात दरड कोसळली की कंत्राट कुणाला मिळतं, वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळात ठरलं तेव्हा नव्या पाट्यांवर कुणाचा डोळा होता, सगळं. टेबलावर बोलतातही, आवाज उतरवून. छापत नाहीत. टँकरवाल्याची दिवाळी अंकात पानभर जाहिरात असते आणि जाहिरातीच्या कमिशनवर प्रतिनिधींचं घर चालतं. ज्या दैनिकाचं नाव ते छातीवर मिरवतात, ते दैनिक त्यांना पेट्रोलही देत नाही. मला त्यांचा राग येतो, पण तो पुण्यातल्या मालकापासून सुरू होऊन त्यांच्यापर्यंत येईतो बराच निवलेला असतो.

फोन बंद झाल्यावर त्यांनी तिथल्या तिथे बातमी टाइप केली : 'कॅनडातील निकालाचे भोर तालुक्यात पडसाद, राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण.' ती पाठवली. पाच मिनिटांत डेस्कवरून फोन आला, फोटो आहे का?

प्रतिनिधींनी क्षणभर विचार केला आणि हॉटेलवाल्याला टेबलाशी उभं करून मोबाइल चॅनेलवाल्याच्या हातात दिला.

"काउंटरवरचा गणपती येऊ दे मागं," मामा शर्टाची बटणं लावत म्हणाला, "आणि हॉटेलचं नाव."

"नाव आलं तर जाहिरात होते," प्रतिनिधी म्हणाले. "तिचा दर वेगळा."