खाली एक हवाच

आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरं वर वाढतात आणि माणसं खाली म्हातारी होतात. धानाचे चुकारे वेळेवर आले किंवा पोरगं नोकरीला लागलं, की आधी कवेलू उतरतात, मग स्लॅब पडतो, स्लॅबवर एक खोली चढते आणि त्या खोलीला ‘अटॅच’ असतो. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे आधी शेती किती ते विचारतात, मग पगार विचारतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच म्हणतात, ‘वर अटॅच आहे ना?’ मुलाचा बाप लगेच जिना दाखवायला उठतो.

खाली मात्र कोणी काही बांधत नाही. खालच्यांसाठी ‘मागं आहे’.

आमच्याकडे मागं म्हणजे वाडीच्या पार टोकाला, सीताफळाच्या झाडापलीकडे. विहिरीपासून खड्डा लांब हवा, हा नियम वडिलांच्या कानावर आला होता. पन्नास फूट पुरे असं कोणीतरी सांगितलं, तर त्यांनी वाडी संपेपर्यंत मोजणी चालू ठेवली. पत्र्याचं दार, आतून कडीऐवजी दोरी. ती बसणाऱ्याने हातात धरून ठेवायची आणि पावलं वाजली की खोकायचं. माझ्या पिढीतल्या पुष्कळ जणांचा खोकला छातीचा नव्हताच. पुढे 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा आम्हाला फार नवल वाटलं नाही. आमचा संडास घरापासून त्याच्या कितीतरी आधी वेगळा झाला होता.

उन्हाळ्यात ही व्यवस्था वाईट नव्हती. फिरणं होत होतं. पण आमचा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत बांध्या पाण्याने भरलेल्या, तलाव तुडुंब आणि वाडीत घोट्याएवढा चिखल. अशा रात्री माझी आई मागं जायची. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी, लुगड्याचा काठ दातात. तिसरा हात असता तर भिंत धरायला उपयोगी पडला असता. बेडूक आधी गप्प व्हायचे, ती गेली की पुन्हा सुरू. मण्यारीची भीती सगळ्यांना होती, पण मण्यार निघाली तर काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, कारण ओरडायला तोंड मोकळं नव्हतं. आईने कधी तक्रार केली नाही. तिने फक्त संध्याकाळी दिवा लागल्यावर पाणी प्यायचं सोडून दिलं. ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. जेवताना तिच्या ताटाशी गडवा नसतो, हे पहिल्यांदा सुनेने पाहिलं.

या उन्हाळ्यात घराचं काम काढलं. पुण्याहून मुलाने मोबाइलवर फोटो पाठवले. त्या फोटोंत घर होतं, पण माणसं नव्हती. ओपन किचन, पीओपीचं छत आणि भिंतभर टीव्ही युनिट. मी म्हटलं, ‘खाली एक संडास काढू.’ फोनवर बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘बाबा, हॉल छोटा होईल.’ राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे नुसत्या संडासाला कमीत कमी 1.1 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे आपल्या हिशेबात तीन फूट बाय चार फूट. त्याच्या टीव्ही युनिटची एकटी लांबी आठ फूट होती.

बायकोची हरकत निराळी. स्वयंपाकघराची भिंत नको, देवघराची भिंत नको आणि धानाची कोठी हलवायची नाही. या तीन अटी पाळल्यावर आमच्या घरात जी भिंत उरते तिच्यावर वडिलांचा फोटो आहे.

मग वास्तूवाले आले. ईशान्य देवाची, आग्नेय अग्नीची, नैऋत्य घरधन्याची. पूर्वेकडून प्रकाश, उत्तरेकडून पैसा. शेवटी वायव्य तेवढी मोकळी निघाली. आमच्या घराची वायव्य दिशा शेजाऱ्यांच्या मालकीची आहे आणि तिथे त्यांचा बैलांचा कोठा आहे. वास्तूवाल्यांनी दोन क्षण होकायंत्राकडे पाहिलं आणि ‘मग थोडं पश्चिमेला सरका’ म्हणाले. दिशांमध्येही ओळखीने काम होतं, हे मला तेव्हा कळलं.

काका आमच्या घरातले या विषयाचे जाणकार. 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून त्यांनी झाडू खाली ठेवलेला नाही. पुढे गुड मॉर्निंग पथकात शिट्टी त्यांच्याकडे होती. भल्या पहाटे तलावाच्या पाळीवर जाऊन ते बसलेल्यांना गुलाबाचं फूल द्यायचे. ज्याला द्यायचे तो घ्यायला उठू शकत नव्हता, ही अडचण कोणी लक्षात घेतली नव्हती. 2014 नंतर स्वच्छ भारतचं बारा हजारांचं अनुदान आलं आणि गावभर संडास उभे राहिले. काहींत सरपण गेलं, काहींत गोवऱ्या. एका घरी कोंबड्या इतक्या खूश होत्या की त्यांनी अंडी वाढवली. म्हणून काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे : ‘असणं वेगळं, वापरणं वेगळं.’ सरकारलाही ते पटलेलं दिसतं, कारण ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर घरी संडास आहे आणि आपण तो नियमित वापरतो, असा दाखला कायद्याने मागितला आहे. काका एकदा उभे राहिले होते. ग्रामसभेत त्यांच्या नियमितपणाचा ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं. निवडणूक ते हरले, पण हा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला, हे ते अजून सांगतात.

‘पण वर की खाली, हे कायद्यात आहे का?’ मी विचारलं.

‘कायदा वापर पाहतो, मजला नाही,’ काका म्हणाले.

खरी कसोटी मंडईची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई, मामे-आत्ये, सगळी सोयरीक त्या दिवशी त्या गावात. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर दंडार. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाट होईपर्यंत चालतं. आता हिशेब करा. वीस-पंचवीस पाहुणे, रात्रभर जागलेले, मटण-भात जेवलेले, मंडपात थंडीने चहावर चहा प्यालेले, सगळे एकाच वेळी पहाटे घरी परततात. मागं एक, वर एक. मागं रांग. वरचा अटॅच मुलाच्या खोलीला, आणि खोलीत नवीन लग्न झालेली जोडी झोपलेली. अटॅच कोणाला जोडलेला असतो हे अशा वेळी समजतं. मोठी आई जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत चढली, बंद दाराकडे पाहिलं आणि ‘राहू दे, मले काही घाई नाई’ म्हणून उतरली. दुपारच्या जेवणापर्यंत ती कोणाशी बोलली नाही. जावईबापूंनी मोटारसायकल काढली आणि ‘जरा गावात फिरून येतो’ म्हणाले. ते तलावाकडे गेले हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी शिट्टी शोधली, पण जावई म्हटल्यावर परत ठेवली.

हा प्रसंग मी घराच्या बैठकीत मांडला आणि मतं थोडी फिरली. मुलाने तडजोड सुचवली : जिन्याखाली. जिन्याखालची जागा म्हणजे घरातली पडीक जमीन. चपला, फुटका कूलर, गणपतीचा पाट आणि कोणालाच न लागणारा संडास तिथे जातो. मी आमच्या एका नातेवाइकांकडचा पाहिला आहे. आत जाताना वाकावं लागतं, बसल्यावर ठीक, उठताना मात्र डोकं कितव्या पायरीला लागणार हे उंचीवर ठरतं. वरून कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचा गुडघा दुखतो, सगळं कळतं. मुलं जिन्यावर उड्या मारू लागली की चित्त एकाग्र होत नाही. आई तशी ठेंगणी, तिचं डोकं लागलं नसतं. पण उठताना धरायला भिंतीला दांडी लागते आणि तिथे भिंतच तिरपी.

आई स्वतः या सगळ्याच्या विरोधात होती. ‘जेवाचं घरात अन् थेही घरात? लोकं का म्हणतील?’ मी सेवाग्रामची आठवण दिली. बापूकुटी आम्ही सगळ्यांनी सहलीत पाहिलेली. त्या मातीच्या कुटीला लागूनच न्हाणीघर आणि संडास आहे, आणि गांधीजींइतकं स्वच्छतेचं वेड दुसऱ्या कोणाला असेल? आई म्हणाली, ‘गांधीबाबाच्या घरी मंडईचे पाहुणे येत होते का?’ यावर काकांकडेही उत्तर नव्हतं.

वासाचं मात्र त्यांनी समजावून सांगितलं. भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम थांबून राहतं, तेवढं पाणीच खालची हवा वर येऊ देत नाही. गावातल्या अनुदानाच्या साध्या पॅनमध्ये हे पाणी जेमतेम वीस मिलिमीटर असतं आणि तेवढ्यावर काम भागतं. पॅनचा उतार जास्त, म्हणून दीड-दोन लिटर पाणी टाकलं की झालं. वास येतो तो वापरून पाणी न टाकणाऱ्यांचा, असं म्हणून काकांनी उगीच माझ्याकडे पाहिलं.

शेवटी निकाल मिस्त्रीने दिला. त्याच्याकडे पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी होती, पाण्याने भरलेली. एक टोक हेल्परने हॉलच्या कोपऱ्यात धरलं, दुसरं त्याने वाडीतल्या जुन्या खड्ड्यापाशी. नळीत एक बुडबुडा अडकला होता. तो बोटाने टिचक्या मारत मारत वर काढल्याशिवाय त्याने मापच घेतलं नाही. मग दोन्हीकडे पेन्सिलीची खूण, टेपाने मोजणी आणि कपाळाला आठ्या.

‘उतार भेटत नाई भाऊ. चाळीस फुटाले एक फूट तरी पायजे. तुमची वाडी तं अजून लांब.’

‘मग?’

‘खालचा मजला दीड फूट उचला.’

म्हणजे आईसाठी खाली संडास करायचा आणि तिथे चढायला तीन पायऱ्या बांधायच्या! वरच्या अटॅचला हा प्रश्न कधी येत नाही. वरून पाणी आपल्याच वजनाने पडतं. खालच्याला इंच इंच उतार मागून घ्यावा लागतो. सगळे गप्प झाले. मुलाने फोनवरूनच टीव्ही युनिटचा फोटो पुन्हा पाठवला.

तेव्हा बायको म्हणाली, ‘पाईप कायले तिकडे न्यायचा? खड्डाच इकडे आणा ना.’ मिस्त्रीने डोक्यावरचं फडकं काढलं, घाम पुसला आणि ‘हे तं होऊन जाते’ म्हणाला. घराच्या बाजूच्या बोळात दोन शोषखड्डे घेतले, विहिरीपासून पुरेसे लांब. आतून विटांची जाळी, वर झाकण. एक भरला की पाईप दुसऱ्याकडे फिरवायचा. मधल्या वर्ष-दीड वर्षात बंद खड्ड्यातलं सगळं सुकून बिनवासाचं खत होतं. काकांनी त्यावर आताच वांग्याच्या झाडांचा हक्क सांगून ठेवला आहे. आमच्याकडे श्रावणात जमिनीतलं पाणी वर येतं आणि खड्डा भरला तर दिलेलं परत येतं, म्हणून खड्ड्यांची तोंडं जमिनीपेक्षा उंच घेऊन भोवती मातीची भर घातली. वास्तूवाल्यांना फोटो पाठवला. ‘चालेल’ म्हणाले.

जागा हॉलमधूनच गेली. टीव्ही युनिट चार फुटांचं झालं, बातम्या तेवढ्याच वाईट दिसतात.

कमोड की साधा, यावर आणखी एक महाभारत झालं. ‘खुर्चीवर बसून कोण करते?’ असं म्हणणारी आई गुडघ्यापुढे हरली. दांडी दोन्ही बाजूंना लावली. पहिले काही दिवस ती दिवसाउजेडी मागंच जात राहिली, कारण शेजारणींना नवा संडास दाखवायचा आणि दाखवायची वस्तू खराब करायची नाही, असा तिचा नियम. एका पावसाच्या रात्री मात्र खालच्या खोलीतला दिवा लागला, पाणी पडल्याचा आवाज आला, दिवा विझला. आता जेवताना तिच्या ताटाशी गडवा असतो आणि झोपताना उशाशीही.

तुमच्याकडे काम निघालं असेल तर फरशी बसायच्या आधी मिस्त्रीला नळी घेऊन बोलवा. वर कितीही अटॅच काढा, पण खाली एक घ्याच. आणि त्याचं दार बाहेर उघडणारं बसवा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, बाहेरून ढकलता येत नाही. मिस्त्री म्हणेल, बाहेर उघडलं तर येण्या-जाण्याची वाट अडते. अडू द्या.