भाऊंचा आवाज

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळाचा अध्यक्ष मुदत संपली की बदलतो, खजिनदार रुसून बदलतो, नाटकातला नायक पोट सुटल्यावर नाइलाजाने बदलतो. पिकअप ट्रकवाला मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. कारण ट्रक एकाकडेच असतो आणि सोफे सगळ्यांकडे असतात.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमची जी वस्ती आहे तिथे हे पद भाऊंकडे आहे. भाऊ मूळचे सांगलीचे, वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झालेले, पुढे तेलाच्या धंद्यात पाइपांच्या जाडीची गणितं करण्यात केस पांढरे केलेले. अंगाने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे. लहानपणी घरात आजोबा झोपलेले असायचे म्हणून हळू बोलायचं, मग शेजारी कुणाची तरी बारावी असायची म्हणून हळू बोलायचं, आणि आता ऑफिसच्या मीटिंगांमध्ये माइक बंद ठेवायचा. पन्नाशीपर्यंत या माणसाने कुठे सूर चढवल्याचं कुणाला आठवत नाही. तसा सूर चढवण्याची पाळी त्यांच्यावर कुणी येऊ दिली नाही म्हणा. वहिनी खंबीर आहेत.

अशा माणसाने फोर्ड एफ-150 घेतला. फोर्डची ही एफ मालिका 1977 पासून अमेरिकेतला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक, त्यामुळे घेतला यात नवल नाही. नवल इंजिनाचं. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन ओढायला जास्त ताकदीचं, असं सगळ्यांनी सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं घेतलं. का, तर त्याचा आवाज. घरी आणल्यावर कळलं की तो आवाज कंपनीने पाठवतानाच दाबून पाठवलाय. कारखान्यातून आलेला एकच पाइप उजव्या मागच्या चाकामागून सभ्यपणे धूर सोडत होता. भाऊंना त्या पाइपात कुणीतरी ओळखीचं दिसलं असावं. त्याच रात्री त्यांनी ठरवलं, एकाचे दोन पाइप करायचे. ड्युअल एक्झॉस्ट.

ठरवलं, पण कुठला करायचा हे ठरायला वर्ष उलटून गेलं.

दोन पाइपांचे प्रकार किती, हे मला भाऊ भेटेपर्यंत माहीत नव्हतं. आता विसरता येत नाही. खरे दुहेरी म्हणजे इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचा धूर शेवटपर्यंत स्वतंत्र. या इंजिनात चार सिलिंडर इकडे, चार तिकडे. एकूण स्फोट समान अंतराने होतात, पण एकाच बाजूचे चार घेतले तर ते एकसारखे पडत नाहीत. लागोपाठ दोन होतात, मग उसंत. अमेरिकी व्ही-एटची ती प्रसिद्ध गडगड या असमानतेतून येते. आता दोन्ही पाइपांच्या मध्ये आडवा जोड टाकला, इंग्रजी एच अक्षरासारखा, तर आवाज खर्जात आणि थोडा घोगरा राहतो. दोन्ही पाइप एकमेकांत एक्ससारखे मिसळले तर तो गुळगुळीत होतो आणि वर चढतो. भाऊंना हे श्रीखंडाच्या वाटीत चमच्याने काढून दाखवायची सवय. मंडळाच्या जेवणात त्यांच्याशेजारी बसलेल्याचं श्रीखंड आधी एच व्हायचं, मग एक्स, आणि मग ते कुणी खायचं नाही.

पण ट्रक म्हणजे स्पोर्ट्स कार नव्हे. डावीकडे पेट्रोलची टाकी, मागे खाली लटकलेली स्टेपनी, मध्ये अॅक्सल. खरे दुहेरी पाइप न्यायचे कुठून? म्हणून बहुतेक लोक मधला मार्ग घेतात. सायलेन्सरमध्ये एक पाइप शिरतो आणि दोन निघतात. पाइप दिसतात दोन, धुराचा मार्ग बराचसा एकच. भाऊंच्या मते हा ढोंगीपणा. त्यात तोंडं कुठे काढायची हा वेगळा वाद. मागच्या बंपरखाली दोन्ही बाजूंना काढली तर देखणी दिसतात, पण बोट पाण्यात सोडायला ट्रक उतारावर मागे घेतला की तीच आधी बुडतात. उजव्या चाकापुढे दोन्ही एकत्र काढली तर आवाज केबिनच्या जवळ येतो. भाऊंकडे बोट नाही. पोहताही येत नाही. तरी बोटीचा रकाना त्यांच्या एक्सेलमध्ये होता.

त्या एक्सेलमध्ये पाइपाचा व्यास होता, अडीच इंच की तीन. पोलाद होतं: अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्वस्त, 409 स्टेनलेस मधलं, 304 स्टेनलेस महाग आणि चकचकीत. फ्लोमास्टरचे कप्पेवाले सायलेन्सर, मॅग्नाफ्लोचे आरपार भोकांच्या नळीचे. सगळ्यात शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं ‘सौ.’ आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: कशाला.

मुलगी बघायला जावं तसे भाऊ शनिवारी ट्रक ऐकायला जात. दुकानांच्या पार्किंगमध्ये कुणी अनोळखी टेक्सन आपल्या सिल्व्हराडोत बसलेला दिसला की भाऊ अदबीने जवळ जाऊन, एकदा सुरू करून दाखवता का, असं विचारत. तो खुशीने दाखवी. टेक्सासात माणसाला धर्म आणि राजकारण यांबद्दल विचारू नये, पण एक्झॉस्टबद्दल विचारलं की तो घरी जेवायला बोलावतो. परत येऊन भाऊ वहिनींना सांगत, ‘चांगला आहे, पण बोलतो फार.’

सगळी अडचण इथेच होती. भाऊंना आवाज हवा होता, पण त्याबद्दल कुणी ‘अहो, जरा आवाज’ म्हटलेलं चालणार नव्हतं. सकाळी थंड इंजिन सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ते आपणहून चढ्या फेऱ्यांवर फिरतं. म्हणजे दिवसातला सगळ्यात मोठा आवाज पहाटे पावणेसहाला, शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खिडकीखाली. शिवाय सोसायटीची नोटीस. कॅलिफोर्नियाने मोटारींना 95 डेसिबलची मर्यादा आखून तरी दिली आहे. टेक्सासचा कायदा एवढंच म्हणतो की सायलेन्सर हवा, तो नीट चालणारा हवा आणि त्याला बगल देणारी नळी नको. आकडा नाही! ज्याच्या हातात आकडा नाही तो इंजिनिअर देवळाबाहेर चपला हरवल्यासारखा उभा राहतो. तिकडे पुण्यात पोलीस बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे व्हिडिओ भाऊ रात्री बघत. धाक म्हणून की मोह म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

मग ‘ड्रोन’ निघाला. म्हणजे महामार्गावर एका ठरावीक वेगाला केबिन भरून राहणारी घुमघुम. इथे भाऊ खुलले, कारण इथे गणित होतं. मिनिटाला 2000 फेऱ्या, दर फेरीला चार स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे 133. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग धरायचा, लहरीची लांबी काढायची, तिचा चौथा हिस्सा घ्यायचा. उत्तर येतं सुमारे तीन फूट. तेवढ्या लांबीची, टोकाला बंद केलेली नळी पाइपाला बाजूने जोडली की घुमघुम आपल्याच प्रतिध्वनीने विझते. हे त्यांनी एका बारशाला सांगितलं. बाळ झोपलं.

जेवणं लांबली की ते डॉजच्या ‘लिल रेड एक्सप्रेस’ ट्रकवर येत. 1978 चं मॉडेल, केबिनमागे दोन उभी क्रोमची धुराडी. वजनाच्या वर्गवारीमुळे त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावावा लागला नव्हता, आणि ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत शंभर मैलांचा वेग गाठण्यात त्याने त्या वर्षीच्या अमेरिकी मोटारींना मागे टाकलं. ‘कायद्यात बसून,’ भाऊ म्हणत. त्या ‘कायद्यात बसून’वर त्यांचा जीव होता.

अखेर ते महामार्गालगतच्या एका सायलेन्सरच्या दुकानात गेले. मालक मेक्सिकोतून आलेला, वयस्क, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर. त्याने एक्सेलची तिन्ही पानं वाचली, घडी करून परत दिली आणि विचारलं, ‘या ट्रकने ओढता काय?’

नीट सज्ज केला तर पाच टनांहून जास्त ओढू शकणारा ट्रक. भाऊ बराच वेळ गप्प राहिले.

‘सोफे,’ ते म्हणाले.

मालकाने मान हलवली आणि काम केलं: एक आत, दोन बाहेर, 409 स्टेनलेस, तोंडं मागे दोन्ही बाजूंना. सायलेन्सर मात्र भाऊंनीच निवडला, दुकानातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शांत. हजारावर डॉलर गेले. फरक पडला, असं यंत्र लावून सिद्ध करता येईल. भाऊ ट्रक सुरू करतात, खिडकी खाली घेतात आणि बघणाऱ्याकडे बघतात. आम्ही सगळे ‘वा’ म्हणतो. वहिनी तर कानांवर हात ठेवतात, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी केलेला हा सगळ्यात प्रेमळ अभिनय असावा. शेजारच्या बाईंनी मात्र घोळ केला. त्यांनी आपणहून थांबून सांगितलं की नवा ट्रक फार शांत आहे, इलेक्ट्रिक का?

भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. अर्थात हे आम्हाला वहिनींनी सांगितल्यावर कळलं.

यंदा गणपतीची मिरवणूक शाळेच्या पार्किंगमध्ये होती. मूर्ती नेहमीप्रमाणे भाऊंच्या ट्रकवर, केळीचे खांब दोन्ही कडांना, मागे लेझीमवाल्या मुली आणि पुढे ढोल-ताशा पथक. एवढी माणसं भाऊंना वर्षात एकदाच मिळतात. त्यांनी गिअर न्यूट्रलला टाकला, खिडकी पूर्ण खाली घेतली आणि पाय दाबला. इंजिन चार हजारांवर गेलं. काट्यात दिसलं तेवढंच. तीस ढोलांपुढे कुणाला काय ऐकू येणार? त्यांनी पुन्हा दाबला. मग न राहवून अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, पथकाच्या म्होरक्याकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवले आणि आयुष्यात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘अरे थांबा! एक मिनिट थांबा रे!’

म्होरक्याला शब्द पोचले नाहीत, उत्साह पोचला. त्याने टोल उंचावून पथकाला इशारा दिला आणि लय दुप्पट झाली.