बदलीवर येणारा देव

मराठी मुलखातल्या देवाला उसंत म्हणून ठाऊक नाही. जनाबाईबरोबर तो जात्यावर बसला, तिच्या गोवऱ्या वेचू लागला. पैठणला एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नाव घेऊन बारा वर्षं कावडीने पाणी वाहिलं. सेना न्हावी पूजेत रंगलेला आणि नेमकं राजाचं बोलावणं आलं, तर धोकटी काखोटीला मारून हा दरबारात हजर. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं भुकेल्यांना मोकळी केली, तेव्हा विठू महार होऊन बीदर गाठलं, बादशहाची रक्कम चुकती केली आणि वर पावतीही घेतली. चमत्कार काय, कोणताही देव करील. पण सरकारात पैसे भरल्यावर पावती मागून घ्यायची आठवण ज्याला राहते, त्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकावा.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये पूर्वी बदली कामगार असत. कायमचा माणूस आला नाही की ते त्याच्या साच्यावर उभे राहत. आपला देव हा असा बदलीवाला आहे. फरक एवढाच की पगार नाही आणि हजेरीपुस्तकात सहीही नाही.

ही सही नसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. या गोष्टी नीट ऐकल्या, तर जनाबाई सोडली की बाकीच्यांना देव आल्याचा त्या वेळी पत्ताच नाही. तिकडे बीदरला पावती होऊन गेली तरी दामाजीपंत इकडे शिपायांच्या पहाऱ्यात जीव मुठीत धरून वाट चालताहेत. सेना महाराज माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत राजवाड्याकडे धावताहेत. श्रीखंड्या कोण होता हे नाथांना कळलं, ते तो निघून जायच्या वेळी. म्हणजे ऐन संकटात त्यांच्याही पोटात आपल्यासारखाच गोळा आलेला असणार. देवावर भार टाकलेल्या माणसाचे पाय लटपटत नाहीत, अशी माझी समजूत होती आणि स्वतःच्या पायांकडे पाहून मी भक्तांच्या यादीतून आपलं नाव परस्पर काटून टाकलं होतं. दामाजीपंतांमुळे ते पुन्हा लिहायला हरकत नाही.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती फारच गोड होईल. ज्या मंगळवेढ्यासाठी देव बीदरला गेला, त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना चोखोबा भिंतीखाली गाडले गेले. ती भिंत कुणी सावरली नाही. नामदेव गेले, त्यांनी अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी झाली. त्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं म्हणतात. ऐकून गहिवरून येतं, तरी ‘भिंतच धरली असतीस तर?’ हा प्रश्न उरतोच.

तुकोबांच्या घरी तरी कोण धान्य घेऊन आलं? 1630 च्या सुमाराच्या त्या दुष्काळात थोरली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. असा माणूस देवाचं दार कायमचं लावून घेईल. तुकोबांनी देहूचं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. पुढे धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. स्वतः बुडालेल्या सावकाराने कुळांना तारायचं, याला धैर्य नाही म्हणायचं तर कशाला? आणि हे सगळं चालू असताना ते देवाशी कडकडून भांडतही होतेच. भांडणात त्यांच्या वरताण त्यांची धाकटी बायको जिजाई. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांना भाकरी नेताना पायात काटा मोडला, तो म्हणे विठ्ठलाने येऊन काढला. तिने काढू दिला, पण त्याच्यावरचा राग काही सोडला नाही.

जिजाईच्या वंशातली एक आजी मला मागे एका इस्पितळात भेटली. वडिलांचं ऑपरेशन होतं. आमच्याकडे इस्पितळाच्या दारात गणपती असतोच, तसा तिथेही होता, बिलाच्या खिडकीला लागून. वडिलांचे डॉक्टर जाता जाता चप्पल काढून त्याच्या पाया पडले, तेव्हा धीर धरावा की धास्ती घ्यावी, हे मला ठरवता येईना. आजी अतिदक्षता विभागाच्या दाराशी सतरंजी टाकून बसली होती. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पितळी डबा. तिचे मालक आत होते. तिचं विठोबाशी अखंड बोलणं चाललेलं, आणि ते स्तोत्रातलं नव्हतं. “झोपलास का रं? डागदर आत गेल्यात, जा त्यांच्या मागं.” मग माझ्याकडे वळून, “दादा, तोंड का असं केलंय? चार घास खा. औषधाच्या रांगंत मी हुबी ऱ्हाते.”

मी तिच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. माझी चिठ्ठी घेऊन ती माझ्या जागी रांगेत उभी राहिली. त्या वेळी मला यात विशेष काही दिसलं नाही. डोकं आतल्या दिव्याकडे लागलं होतं आणि चटणी तिखट होती.

वडील बरे झाले. घरी निघालो त्या दिवशी तिचे मालक अजून आतच होते. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी नुसताच वाकलो. ती म्हणाली, “जावा निवांत. तुमचं झालं, आता इकडं ध्यान दे म्हणून सांगते त्याला.” देव सगळीकडे एकाच वेळी असतो, हे तिला कुणी सांगितलं नसावं. तिच्या हिशेबी त्या मजल्यावर पेशंट दोन आणि देव एकच होता; पण पाळी लावून घेतली की तेवढ्यात भागत होतं.