कुऱ्हाडवाल्याची आई

शनिवारी रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की मी चोऱ्या करायला बसते. आठवडाभर दादरच्या एका पतपेढीत थकीत कर्जांची वसुली करते. लोकांच्या खिशातून कायदेशीरपणे पैसे काढून आलेला शीण घालवायचा, तर तेच काम कधीतरी बेकायदेशीरपणे करून बघावं लागतं. विरार पश्चिमेच्या आमच्या वन बीएचकेत बेडरूमचं दार लोटून, कानाला हेडफोन लावून मी दबक्या आवाजात म्हणते, "पहारेकरी झोपलाय. त्याच्या कमरेची किल्ली काढते." सुरुवातीला हे दाराआडून ऐकून सासूबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं होतं. "हिच्या पतपेढीत सगळं ठीक आहे ना रे?"

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सने आणि त्याचा जोडीदार डेव्ह आर्नेसन याने हा खेळ 1974 साली काढला. पहिल्या खेपेला जेमतेम 1000 खोकी निघाली. त्याआधी ही मंडळी टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळत. आपण दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडतो, तसंच. फक्त आपण भाऊबीज झाली की मावळे डब्यात भरून माळ्यावर टाकतो, आणि हे लोक थांबलेच नाहीत. अख्खं सैन्य हलवण्यापेक्षा प्रत्येकाने एकेकच मावळा घ्यावा, त्याला नाव, स्वभाव, दोन-चार खोडी द्याव्यात आणि त्याच्या तोंडाने बोलावं, इथवर ते पोचले. एकजण गोष्ट सांगतो: तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून कुबट वास येतोय, काय करता? बाकीचे काय करतात ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कोणी जिंकत नाही, हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे फाशांची पत शकुनीने एकदा घालवली ती घालवलीच. त्याच्याही आधी ऋग्वेदातला जुगारी बेहड्याची फळं फासे म्हणून टाकत होता आणि घरदार धुऊन बसला होता. त्यामुळे मी मागवलेला निळा फासा पाहिल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "घरात फासा आला की मागोमाग वस्त्रहरण येतं." 1980च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच आईबापांना हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो असं वाटलं होतं आणि त्याविरुद्ध मोहिमाही निघाल्या होत्या. त्या मानाने सासूबाईंची हरकत निदान ग्रंथाला धरून होती.

यात मला ओढलं पुतण्याने. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि त्यांच्याबरोबर आमचा डबाही थांबला. विरार लोकलचा महिला डबा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. तिथे भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, आणि मीरा रोड यायच्या आत एखादीने माहेरी जावं की नवऱ्याला पाठवावं याचा निकालही लागतो. पण हा सगळा संसार वेळापत्रकाच्या जिवावर. गाडी बदलली की मैत्रिणी बदलतात. गाडीच बंद पडल्यावर मी कढीपत्त्याच्या कुंडीशी बोलायला लागले, तेव्हा पुतण्याने मला ओळखीच्या एका टोळीत नेऊन सोडलं आणि स्वतः आठवडाभरात कुठल्याशा गोळीबाराच्या खेळात निघून गेला. मी राहिले.

टोळीत मी चोर. निर्मळचा एकजण पुजारी. जखमा बऱ्या करणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला भटजी म्हणतात. प्रत्यक्षात त्याची केळीची आणि फुलांची वाडी आहे आणि दर रविवारी सकाळी त्याला चर्चला जायचं असल्यामुळे खेळ बारानंतर लांबला की तो जांभया द्यायला लागतो. नायगावचा एकजण दोह्याला नोकरी करतो, तो जादूगार. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजले की त्याच्याकडे साडेसात, त्यामुळे आमच्या प्रत्येक लढाईत त्याच्या बाजूने कुकरच्या शिट्या ऐकू येतात. चौथा नालासोपाऱ्याचा, अंधेरीत हिशेबनीस. तो सात फुटी रानटी योद्धा आहे, दोन हातांनी कुऱ्हाड चालवतो आणि चिडला की त्याला आपलं-परकं कळत नाही. बोलताना मात्र, "माफ करा, मी या राक्षसाचं डोकं उडवलं तर चालेल का?" असं विचारतो. आणि गोष्ट सांगणारा आगाशीचा, इंजिनीअरिंगला असलेला पोरगा. आमच्यात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणतो. कॅमेरे कायम बंद. वसई-विरारच्या पावसाळ्यात आवाज पोचला तरी देवाची कृपा. खरी नावं कोणी विचारली नाहीत, कोणी सांगितली नाहीत.

मास्तरला परदेशी किल्ले मंजूर नाहीत. अंगणात एवढा मोठा किल्ला पडलाय, तर बाहेरचा कशाला, म्हणतो. सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजींना 1882 साली एकात एक बसवलेले करंडक सापडले होते. ते मास्तरने एकदा खजिना म्हणून आमच्यापुढे ठेवले. तांब्याचा उघडला की आत चांदीचा, चांदीचा उघडला की आत आणखी एक. प्रत्येकाला वेगळं कुलूप आणि प्रत्येक कुलपाला फासा. मी त्या रात्री चोरीचा व्यवसाय सोडायच्या बेतात होते. सध्याची मोहीम वसईच्या किल्ल्याखाली आहे. चिमाजी आप्पांनी 1739च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. मास्तरचं म्हणणं, एक घंटा मागे राहिली, भुयारात, आणि तिच्यावर ड्रॅगन बसलाय. ती मिळाल्यावर देवळात द्यायची की चर्चमध्ये यावर कुऱ्हाडवाल्यात आणि भटजीत दोन पावसाळे वाद चालू आहे. कुऱ्हाडवाला म्हणतो, चर्चची होती, चर्चला द्या. भटजी म्हणतो, छे छे, देवळात चांगली घुमेल. घंटेचा पत्ता मात्र बरेच दिवस नव्हता तो नव्हताच.

या खेळात थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत. आम्ही 2014ची आवृत्ती खेळतो, तिच्यात त्या नीट लिहून दिल्यात. पहिल्या पायरीवर साधी कामं अवघड होतात. दुसऱ्या पायरीवर चाल निम्मी होते. तिसऱ्या पायरीवर हल्लेही चुकतात आणि बचावही. चौथ्या पायरीवर अंगातला जीव अर्धा. पाचव्या पायरीवर माणूस जागचा हलू शकत नाही. सहाव्या पायरीवर मरण. गायगॅक्स-आर्नेसनच्या वारसदारांपैकी कोणी संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्ट पकडली असेल असं वाटत नाही, पण पाचव्या पायरीचं वर्णन वाचताना मला दादरला दारापासून चार माणसं आत अडकलेली मी स्वतः दिसले. वर आणखी एक नियम: रात्रभराची पूर्ण विश्रांती घेतली, शिवाय पोटात अन्नपाणी गेलं, तर एकच पायरी उतरते. पूर्ण विश्रांती म्हणजे आठ तास. विरारकराला आठ तास झोप हा जादूगाराचा विषय आहे.

तर एका शनिवारी कुऱ्हाडवाला म्हणाला, "माफ करा, आज माझा योद्धा तंबूतच राहील. पाचवी पायरी."

मास्तर गोंधळला. "पण मागच्या वेळी तर तुम्ही ताजेतवाने होतात. कुठे लागलं?"

"लढाईत नाही. बाहेर."

आता, पाच वर्षांत या माणसाला कोणीही "कसे आहात" विचारलं तर "मजेत" सोडून उत्तर आलेलं नव्हतं. आपल्याकडचा पुरुष स्वतःच्या नावाने मोडून पडत नाही. ऑफिसात नाही, नातेवाइकांत तर नाहीच. पण सात फुटी रानटी माणसाच्या नावाने त्याला बोलता आलं. तंबूत कोण आजारी आहे, भटजीने पुजाऱ्याच्या आवाजात विचारलं. योद्ध्याची आई, तो म्हणाला. घसरून पडली. खुब्याचं हाड. मग हळूहळू तंबू गेला, कुऱ्हाड गेली आणि खरी गोष्ट आली. आई इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात. रात्री तिथे पुरुषाला थांबू देत नाहीत. वडील नाहीत, बहीण नाही, हा एकुलता. त्यामुळे रात्रभर हा खाली बाकड्यावर, आई वर एकटी, आणि सकाळी हा तिथूनच अंधेरीला. लोकलचा गटही नाही, ऑफिसची वेळ बदलल्यापासून सुटलेला.

खेळात 'मदत' नावाची एक चाल आहे. आपली पाळी आली की हल्ला न करता नुसतं "मी याला मदत करते" म्हणायचं. मग तो एकाऐवजी दोन फासे टाकतो आणि त्यातला मोठा आकडा धरतो. अकरा किंवा वर हवं असेल तर एका फाशाने शक्यता 50 टक्के, दोनांनी 75. नुसतं शेजारी उभं राहून शक्यता दीडपट. वसुलीखात्यात आयुष्य गेलेल्या बाईला हा परतावा पाहून गहिवरून येतं. त्यात आपली पाळी मात्र जाते, आणि लढाईत मदत करायची तर शत्रूच्या पाच फुटांच्या आत जावं लागतं.

कोणाची पाळी आधी, हे ठरवायला मास्तरने सवयीने सगळ्यांना फासे टाकायला लावले. जादूगाराला वीस पडले आणि तो दोह्यात. पण टोळीत बाई मी एकटी, म्हणजे रात्रीचा वॉर्ड माझाच. सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं आता महाभारत सुरू होणार. त्या उठल्या आणि डब्यात मऊ भात भरायला लागल्या. "त्या चोरांतल्या एकाची आई म्हणालीस ना?"

इस्पितळाच्या दाराशी मी सात फुटी माणूस शोधत होते. एक किरकोळ बांध्याचे, चष्मा लावलेले, हातात जेवणाची पिशवी घेतलेले गृहस्थ माझ्यासाठी दार उघडून धरून उभे होते. आवाज ऐकल्यावर ओळख पटली. "या ना. माफ करा, तुम्हाला त्रास." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

वर गेल्यावर काकूंनी विचारलं, "तू कोण गं?"

"मी त्यांच्या खेळातली चोर."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी उशीखालची पर्स पोटाशी घेतली. रात्रभर मी कूस बदलून दिली, पाणी दिलं, नर्सला हाका मारल्या, आणि त्या बाई डोळे मिटायला तयार नाहीत. पहाटे त्यांनाही बेडपॅन दिलं तेव्हा कुठे पर्स परत उशीखाली गेली.

जादूगाराने दोह्यात बसून विम्याचे कागद अंगावर घेतले. कोणत्या फॉर्मवर कोणाची सही लागते हे त्याने इतक्या चिकाटीने फोन करकरून काढलं, की काउंटरवरचा माणूस त्याला साहेब म्हणायला लागला. शिवाय मला झोप लागू नये म्हणून अडीच तास मागे असलेला तो माणूस रात्री मेसेजवर कोडी घालायचा. सगळी भिकार होती. मास्तर परीक्षा चालू असताना डबे पोचवायचा. ऑपरेशनच्या आधी रक्त लागलं तेव्हा भटजी निर्मळहून स्कूटर मारत आला, एक पिशवी रक्त दिलं आणि येताना आणलेल्या सुकेळ्यांतली दोन स्वतःच खाल्ली.

उरलेली घेऊन तो भेटीच्या वेळेत वर आला. मी ओळख करून दिली, "काकू, हे आमचे भटजी."

काकूंनी पडल्यापडल्या हात जोडले. "भटजी, उद्या ऑपरेशन आहे. डोक्यावर हात ठेवा."

भटजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "काकू, मी खरा भटजी नाही. मी चर्चला जातो."

"मग काय झालं? तुमच्यात हात नसतात का?"

त्याने हात ठेवला. ओठ हलत होते, काय म्हणत होता ते मी विचारलं नाही. नंतर काकूंनी सुकेळं चाखून वाडीत केळी किती आणि माणसं किती याची चौकशी केली.

ऑपरेशन नीट झालं. काकू आता वॉकर घेऊन घरभर फिरतात आणि शनिवारी लेकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. कॅमेरा चालू करायला त्यांनीच लावला, तोंडं न बघता कसलं बोलणं म्हणून. मोबाइलमधल्या फाशावर त्यांचा विश्वास नाही. माझा निळा फासा त्यांच्याकडे गेला तो परत आलेला नाही, आणि चोराला हे कुठे सांगायची सोय नाही. त्यांचे प्रश्नही अवघड असतात. "ही चोरी करते, हिला नोकरी नाही का?" "तो राक्षस या अंधारात खातो काय?"

गेल्या महिन्यात दोन पावसाळ्यांनी आम्ही एकदाचे त्या भुयाराच्या टोकाला पोचलो. घंटा समोर, वर ड्रॅगन. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड उचलली, मी सावलीत शिरले, जादूगाराने कुकरखालचा गॅस बंद केला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा रे. त्याला विचारा आधी, जेवलास का?"

मास्तर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, नियमात बसतं, फासा टाका. कुऱ्हाडवाला म्हणाला, "मी आईला मदत करतो," म्हणून काकूंना दोन फासे मिळाले. सतरा आणि एकोणीस. ड्रॅगन म्हणाला, 1739 पासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही त्याला बकऱ्या नेऊन घालतोय. घंटा तशीच त्याच्या बुडाखाली. बकऱ्यांचे पैसे कोणाच्या वाट्यातून जातात, हे वेगळं सांगायला नको. काकूंचं म्हणणं, चोराचे पैसे आहेत, तेवढेच मार्गी लागतात. परवा सासूबाई दार ढकलून आत आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून मास्तरला म्हणाल्या, "अरे, रोज रोज बकरी कशाला? श्रावण लागलाय. साबुदाण्याची खिचडी चालेल का विचार त्याला."