सावलीतली मिरची

जिल्हा पानावरचे एक वाक्य तुम्ही शंभरदा वाचले असेल. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ दुचाकीची चोरी असो की विहिरीवरची मोटार, वाक्य तेच. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ते जरा सभ्य होऊन येते: ‘विश्वासात घेऊन विचारपूस केली असता.’

हे वाक्य मीही लिहिले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातून बातम्या पाठवायचो तेव्हा, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. खाक्या म्हणजे काय हे मला ठाऊक होते. ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागून चहाची टपरी होती, आतला आवाज टपरीवर यायचा, आणि आम्ही चहा प्यायचो. मारहाण करून कबुली काढणे हा आपल्याच कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३३०, आता भारतीय न्याय संहितेचे १२०. म्हणजे त्या एका वाक्यात मी दोन गुन्ह्यांची बातमी देत होतो आणि नाव फक्त एकाच आरोपीचे छापत होतो. त्याची मला आज लाज वाटते.

दुचाकीपुरते असते तर हे मनातच ठेवले असते. पण याच वाक्याचा मोठा भाऊ मुंबईत आहे.

११ जुलै २००६. संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये सात स्फोट. १८९ माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे. मोक्का लागला, पोलीस उपायुक्तांपुढे कबुलीजबाब झाले, २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच कोरोनाने गेला होता. न्यायालयाने कबुलीजबाब फेटाळताना दोन गोष्टींवर बोट ठेवले. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतला मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखा सारखाच होता. आणि केईएम व भाभा रुग्णालयांच्या कागदांवरून छळ झाल्याची शक्यता दिसत होती. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत घालायला सांगितले नाही.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, दुसरा निकाल. मालेगावच्या भिक्खू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी स्फोट झाला, सहा जण ठार झाले. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यासह सातही आरोपी सुटले. कोठडीत छळ झाला असे हे दोघेही वर्षानुवर्षे सांगत आले. ठाकूर यांचा आरोप न्यायालयाला पुराव्याअभावी पटला नाही. पण त्या खटल्यात तीसहून अधिक साक्षीदार फिरले, आणि त्यांच्यातल्या काहींनी आपल्याकडून बळजबरीने वदवून घेतल्याचे सांगितले.

त्या दहा दिवसांत आमच्या बसस्थानकाबाहेर जे ऐकले, त्यानेच हा लेख लिहायला भाग पाडले. २१ तारखेला जे म्हणत होते की ‘मारलं तर काय बिघडलं, त्यांना काय जावयासारखं ठेवायचं?’ तेच ३१ला साध्वीच्या छळाने व्याकूळ झाले. आणि २१ला ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, त्यांना ३१ला साध्वीचे बोलणे नाटक वाटले. पट्टा एकच, खोली एकच, पथकही तेच. आतल्या माणसाचे नाव कळेपर्यंत आपले मत होत नाही. ज्याला २१ला सुटलेल्यांचा छळ दिसतो आणि ३१ला सुटलेल्यांचा दिसत नाही, किंवा ज्याला याच्या उलट दिसते, त्याने मानवी हक्क हा शब्द तोंडात घेऊ नये.

मालेगावचाच आणखी एक स्फोट घ्या. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा शुक्रवार. नऊ मुस्लीम तरुण पकडले, कबुलीजबाब नोंदले, पुढे त्यांनी ते मारहाण करून घेतल्याचे सांगत नाकारले. २०१० मध्ये स्वामी असीमानंदांचा जबाब आला, तो भलत्याच मंडळींकडे बोट दाखवणारा. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला तो जबाबही त्यांनी नंतर दबावाखाली दिल्याचे सांगून मागे घेतला. ते तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. तीसहून अधिक माणसे मेली त्या स्फोटात. इतक्या कबुल्या, आणि शिक्षा कुणालाच नाही.

आता आपल्या मिरचीकडे येतो.

हिवाळ्यात नंदुरबारभोवतीच्या पथारींवर मिरची वाळत पडते. लाल रंग लांबून छान दिसतो; जवळ गेले की डोळे चुरचुरतात. तिथे राबणाऱ्या बाया नाकातोंडाला फडके बांधून उन्हात दिवस काढतात. मिरची डोळ्यांत गेली की काय होते हे या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सरकारी माणसे हीच मिरची कबुलीसाठी वापरत. हे मी ऐकीव सांगत नाही. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीसाठी कंपनी सरकारनेच आयोग नेमला होता, १८५५चा त्याचा अहवाल आहे. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी माणसांच्या डोळ्यांत मिरची घातल्याच्या नोंदी त्यात आहेत. १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नियम आला: पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ झाला. आज नव्या साक्ष अधिनियमात तो कलम २३ आहे. मुद्देमाल सापडला तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य, बाकी कबुली कागदच.

पुरावा कायदा ज्यांनी रचला ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, इथल्या एका अनुभवी अधिकाऱ्याने त्यांना छळामागचे खरे कारण सांगितले होते. ते आळस होते. उन्हात हिंडून पुरावा शोधण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत लाल मिरची चोळणे सोपे जाते.

दीडशे वर्षांत छळावर यापेक्षा नेमके कुणी काही बोलले असेल असे मला वाटत नाही. क्रौर्य असतेच, सूडही असतो, वरून येणारा ‘चोवीस तासांत लावा’ हा दबाव तर असतोच असतो. पण मुळाशी सावली आहे. ऊन टाळायचे आहे. स्फोटकाचा माग, फोनच्या नोंदी, साक्षीदाराची ओळख परेड वेळेत घेणे, प्रयोगशाळेपर्यंत सील न तुटता माल पोचवणे, ही उन्हातली कामे. लोकल स्फोटांतले बाराही जण सुटले तेव्हा उच्च न्यायालयाला साक्षीदार, ओळख परेड, जप्त माल, सगळीकडे हीच कामे कच्ची दिसली.

ज्या राज्यकर्त्यांना आपण लुटारू म्हणतो त्यांना १८६१ मध्ये जे कळले, ते आपण स्वातंत्र्यानंतर दहशतवादाच्या नावाने उलटे फिरवले. १९८७च्या टाडात पोलीस अधीक्षकासमोरची कबुली ग्राह्य झाली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद टिकवली. टाडाखाली किती माणसे आत गेली ते नवापूरची हद्द ओलांडून विचारा. दहशतवादाचा मागमूस नसलेल्या गुजरातेत हजारो पकडले होते, त्यांत शेतकरी होते, कामगार होते. टाडा १९९५ला संपला, तीच तरतूद १९९९च्या आपल्या मोक्कात आली आणि २००२च्या पोटात. पोटा गेला. मोक्का आहे.

पोटा म्हटले की परभणी आठवते. ख्वाजा युनूस, सत्तावीस वर्षांचा अभियंता, डिसेंबर २००२च्या घाटकोपर स्फोटासाठी पकडलेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सोबतच्या आरोपीने न्यायालयात सांगितले की कोठडीत त्याला मारताना आणि रक्त ओकताना त्याने पाहिले होते. मृतदेह कधीच मिळाला नाही. घाटकोपरचे उरलेले आरोपी २००५ मध्ये सुटले. ख्वाजा युनूसप्रकरणी ज्या चार पोलिसांवर खटला भरला, त्यांना २०२० मध्ये नोकरीत परत घेतले. त्यांत सचिन वाझे होते. पुढच्याच वर्षी हे नाव घराघरात कशासाठी पोचले ते तुम्हाला माहीत आहे. आईला मुलाची माती मिळाली नाही.

‘पण बॉम्ब टिकटिकत असेल तर?’ हा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो, आणि विचारणारा मनापासून विचारतो. त्याला माझे उत्तर असे. घड्याळ चालू असताना चुकीचा माणूस धरलात, तर तो वेदना थांबावी म्हणून काहीही सांगेल, आणि तुमची गाडी चुकीच्या पत्त्यावर जाईल. अमेरिकेची अख्खी फौज गेली. इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याला इजिप्तच्या हवाली केले, तिथे त्याने सांगितले की इराक अल कायदाला रासायनिक अस्त्रांचे शिक्षण देतो. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ते संयुक्त राष्ट्रांत मांडले. दीड महिन्यात युद्ध. पुढच्या वर्षी तो म्हणाला, मार थांबावा म्हणून बोललो. त्या एका कबुलीने किती घरे उठली याचा हिशेब मांडायला हे सदर पुरणार नाही.

आणि आपल्याकडचे उन्हातले काम बघायचे असेल तर तुकाराम ओंबळे बघा. हातात काठी होती फक्त. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची रायफल धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यानंतर खटला उभा राहिला तो छायाचित्रांवर, सीसीटीव्हीवर, डोळ्यांदेखत पाहिलेल्या साक्षीदारांवर, डीएनएवर. कसाबने दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेली कबुली नंतर फिरवली, तरी खटल्याला धक्का बसला नाही, कारण खटला एकट्या तिच्यावर टेकलेला नव्हता. त्याला वकील दिला, तेव्हा किती शिव्या पडल्या आठवा. फाशी झालीच. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी निर्दोष ठरले, तिन्ही पायऱ्यांवर. एकाच न्यायालयाने एकाला फास आणि दोघांना दार दिले, आणि जगात कुणाला बोट दाखवता आले नाही.

त्या खटल्यातली एक गोष्ट आमच्या जिल्ह्यात फारशी कुणाला माहीत नाही. २९ ऑगस्ट २०१२ला कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे हे दंडाधिकाऱ्यांनी त्याला नीट समजावून सांगायचे, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. हे त्यांचे कर्तव्य आहे. म्हणजे धडगाव-मोलगीच्या डोंगरातून कोयता-विळ्याच्या भांडणात धरून आणलेल्या पावऱ्याच्या पोराला आज जो वकील उभा करून द्यावा लागतो, त्या हक्काला बळकटी कसाबच्या निकालाने दिली. ‘कसाबला कशाला वकील?’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याला नाकारला असता, तर ते दार आधी आपल्या माणसांवर बंद झाले असते. या जिल्ह्यात दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी आहेत. ज्या खोलीत संशयित दहशतवाद्याला नेतात तिच्यात उरलेला सगळा वेळ गरीबच असतो.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंध विधेयक मंजूर केले, ते राज्यसभेच्या वाटेत मेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा दिला. डिसेंबर २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे की प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे हवेत आणि चित्रण जपून ठेवायला हवे. जिल्ह्यातल्या पत्रकारांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी प्रेसनोटमध्ये ‘विश्वासात घेऊन’ आले, की फोन उचला आणि विचारा, ते विश्वासात घेतानाचे चित्रण ठेवले आहे का?

आणि एक बाब तालुक्याच्या न्यायालयातली. रिमांडला आणलेल्याला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ प्रश्न मराठीत असतो. तो पावरी बोलतो, किंवा भिलोरी, मावची. मनगट धरलेला हवालदार बाजूलाच उभा असतो, आणि रात्री परत त्याच्याच ताब्यात जायचे आहे हे त्याला समजते. ते समजायला भाषा लागत नाही. तो मान हलवतो. कागदावर लिहिले जाते: तक्रार नाही.