पावडर कोटिंग केलेला जेसीबी

चाकणमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मान आहे. एखादी पिन चार-पाच मायक्रॉनने जाड निघाली, तर ती लाल ट्रेमध्ये जाते आणि मीटिंगमध्ये तिचं नाव निघतं. ही पिन मोजणाऱ्याचा मुलगा सातवीत असतो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात विज्ञानासमोर ‘अ-२’ लिहिलेलं असतं. अ-२ म्हणजे 81 ते 90 च्या मधलं काहीतरी. एवढा टॉलरन्स दिला, तर चाकणची एकही गाडी गेटबाहेर पडायची नाही, ढकलूनसुद्धा.

खरी गंमत मात्र श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंदीत आहे. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला 100 पैकी 40 गुण आकारिकचे, 60 संकलितचे, शिवाय प्रत्येक मुलाबद्दल बाईंनी दोन ओळी लिहायच्या. हेतू उत्तमच होता. पण पोरं भरपूर आणि बाई एकट्या, तेव्हा नोंदी तयार मिळू लागल्या. ‘प्रयोगाचे साहित्य काळजीपूर्वक हाताळतो.’ जिथे साहित्याचं कपाट वर्षभर कुलपात असतं, तिथे ही नोंद शंभर टक्के खरी असते. काच फुटली का? नाही.

मग येतं विज्ञान प्रदर्शन. इतर गावांत इंजेक्शनच्या सिरिंजचा हायड्रॉलिक जेसीबी पुठ्ठ्याचा असतो. आमच्याकडे त्याचं बकेट लेझर कटिंगने कापलेलं, वर पिवळं पावडर कोटिंग. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळीत काय काय निघतं, ते परीक्षकांना कळत नाही असं नाही. पण त्यांचाही भाऊ एमआयडीसीतच असतो. गुण मुलाला मिळतात, मापन बापाच्या कंपनीचं होतं.

देशपातळीवर तरी काय वेगळं? 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात 500 च्या मोजपट्टीवर तिसरीच्या परिसर अभ्यासाची देशाची सरासरी 307 होती, पाचवीची 284, आणि आठवीच्या विज्ञानाची 250. शाळेतली वर्षं वाढतात तशी सरासरी उतरते. आपल्या राज्यात अलीकडे होणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांत भाषा, गणित आणि इंग्रजी आहे, विज्ञान नाहीच. ज्या पट्ट्यात बजाज, टाटा आणि महिंद्रा नांदतात, तिथे हे जरा मजेशीरच म्हणायचं.

कारखान्यात गेजवरही विश्वास ठेवत नाहीत. त्याचं कॅलिब्रेशन होतं, त्यावर तारखेचं स्टिकर लागतं, तारीख उलटली की गेज कपाटात. प्रश्नपत्रिकेला असं स्टिकर कुणी लावत नाही. ‘तरफ म्हणजे काय?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं जसाच्या तसा येतो. काकाच्या गॅरेजमध्ये हाताखाली राबणारा पोरगा गंजलेला नट सुटेना, की पान्याच्या दांडीवर लांब पाइप चढवतो आणि एका झटक्यात नट मोकळा करतो. टेकू कुठे, बल कुठे, दांडी किती लांब हवी, सगळं त्याच्या मनगटात आहे. पेपरात तो ही ओळ कोरी सोडतो. शेजारचा मुलगा व्याख्या स्वल्पविरामासकट लिहितो आणि पाना कोणत्या बाजूला फिरवायचा ते विचारतो. पूर्ण गुण कुणाला, ते सांगायला नको.

याला उतारा नाही असं नाही. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांनी 1981 मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग करावे लागतात, पुढे मुलाखत होते. हात आणि डोकं दोन्ही तपासणारी परीक्षा आहे ही. तिचेही क्लास निघालेत, ते सोडा. आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरजवळ 2013 पासून सायन्स पार्क आहे. तिथे मुलं चाकं फिरवतात, दांड्या ओढतात, आरडाओरडा करतात. गुण कुणी देत नाही, म्हणून की काय, प्रश्न मात्र खूप विचारतात.

चाकण-भोसरीच्या समस्त बाबांना एकच विनंती. यंदाचा जेसीबी पोराला करू द्या. बकेट वाकडं निघेल, सिरिंजमधून पाणी गळेल. गळतंय कुठून हे त्याचं त्याला शोधू द्या, आणि तुम्ही रात्रपाळी करून सरळ घरी या.